आपण सगळे बिनव्याजी सावकार

‘अकाउंट्सला सांगितलंय.’ ‘सर बाहेरगावी आहेत, आले की बघतो.’ ‘एवढे गणपती होऊन जाऊ देत.’ ‘मार्च एंड आहे रे, समजून घे.’ ‘आमचंच पेमेंट वरून अडकलंय.’ ‘आम्ही काय पळून चाललोय का?’

फ्रीलान्स काम केलेल्या कुणालाही ही वाक्यं पाठ असतात. ती साधारण कुठल्या क्रमाने येतात हेही सांगता येतं. पहिल्या महिन्यात अकाउंट्स, दुसऱ्यात सर, तिसऱ्यात सण. चौथ्या महिन्यात फोन उचलला जात नाही. आणि पाचव्या महिन्यात एकदम नवीन वाक्य येतं: ‘खरं सांगायचं तर काम तेवढं मनासारखं झालं नव्हतं.’ दरम्यान ते मनासारखं न झालेलं काम रोज वापरलं जात असतं. वेबसाइट चालू असते, लोगो बोर्डावर असतो, अनुवाद छापून आलेला असतो.

यावर आपण मित्रांना सांगतो, ‘पेमेंट अडकलंय.’ हा शब्द जरा बघा. पतंग अडकतो, लिफ्ट अडकते, बस ट्रॅफिकमध्ये अडकते. ‘अडकलंय’ म्हटलं की करणारा माणूसच वाक्यातून गायब होतो. पैसे आपोआप अडकत नाहीत. कुणीतरी बसून ठरवतं की या महिन्यात याचे द्यायचे नाहीत. हा निर्णय असतो आणि तो घेणाऱ्याला नाव, खुर्ची आणि बँक खातं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: थकवलेलं बिल म्हणजे गैरसमज नाही, नशीब नाही, ‘कम्युनिकेशन गॅप’ तर नाहीच नाही. ते कर्ज आहे. साठ हजारांचं बिल सहा महिने थकलं, तर तुम्ही त्या कंपनीला साठ हजार रुपये सहा महिन्यांसाठी वापरायला दिलेत. तारण नाही, व्याज नाही, कागद नाही. हीच रक्कम बँकेकडे मागितली असती तर बँकेने ताळेबंद मागितला असता, सिबिल बघितलं असतं आणि व्याज लावलं असतं. तुमच्याकडून व्हॉट्सॲपवरच्या एका अंगठ्यावर मिळाली. सावकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गादीवर बसलेला, अडलेल्याला पिळणारा माणूस येतो. इथे सावकार म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणारी पंचविशीतली मुलगी किंवा मुलगा, आणि कर्जदार एसी केबिनमध्ये.

‘पण त्यांच्याकडे खरंच पैसे नसतील तर?’ असा प्रश्न नेहमी येतो. ‘पैसे नाहीत’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘तुझ्यासाठी नाहीत’ असा असतो. त्याच महिन्यात वीजबिल भरलेलं असतं, कारण नाही भरलं तर वीज तोडतात. क्लाउड सर्व्हरचं बिल भरलेलं असतं, कारण ती कंपनी ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवत बसत नाही, सेवा बंद करते. ऑफिसचं भाडं गेलेलं असतं, जीएसटी गेलेला असतो, पगार झालेले असतात. प्रत्येक धंद्यात देण्यांची एक रांग असते. त्या रांगेतला तुमचा नंबर तुमच्या कामाच्या दर्जावर ठरत नाही. तुमचे पैसे नाही दिले तर काय होईल, यावर ठरतो. आणि तुमचे नाही दिले तर काहीच होत नाही.

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा: स्टार्व्हेशन म्हणजे काय आणि त्यावर उपाय कोणता? प्रोसेसरसमोर कामांची रांग असते आणि जास्त प्राधान्याचं काम आधी होतं. वरच्या प्राधान्याची कामं येतच राहिली, तर सगळ्यात खालचं काम कायमचं थांबून राहतं. हे स्टार्व्हेशन, म्हणजे उपासमार. उपाय आहे ‘एजिंग’. एखादं काम जितका वेळ थांबेल, तितकं त्याचं प्राधान्य वाढवत न्यायचं, म्हणजे कधी ना कधी त्याचा नंबर लागतोच. पाच मार्कांचं उत्तर. फ्रीलान्सरच्या बिलाचं नेमकं उलटं होतं. ते जितकं जुनं होतं, तितकं खाली जातं. सहा महिन्यांनी ते मागणंच विचित्र वाटायला लागतं, जणू आपणच जुनी भांडणं उकरून काढतोय.

हे विचित्र वाटणं कुठून येतं? किराणा दुकानदाराला ते वाटत नाही. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी तो देवाच्या फोटोशेजारी लावतो. उधारी दिलीच तर तुमच्यासमोर वहीत आकडा लिहितो, आणि पुढच्या वेळी तुम्ही साबण घ्यायला गेलात की आधी वही उघडतो. त्यात कुणालाच अपमान वाटत नाही. नळ दुरुस्त करणारा प्लंबर पैसे हातात पडेपर्यंत दारातून हलत नाही. आम्ही मात्र ‘सॉरी टू डिस्टर्ब, सर’ लिहून पुढे हात जोडलेला इमोजी टाकतो. काम आपण केलेलं, पैसे आपले, आणि माफीही आपणच मागायची. ‘पैशाचं तोंडावर बोलू नये’ हे घरात शिकवलेलं असतं. ते शिकवणाऱ्या बहुतेक घरांत पगार एक तारखेला येत होता, त्यामुळे बोलण्याची वेळच येत नव्हती. तो शिष्टाचार पगारदाराचा आहे. बिल लावून जगणाऱ्याला तो परवडत नाही.

मराठी साहित्यव्यवहाराने तर यासाठी एक सुंदर शब्दच करून ठेवलाय: मानधन. लेखक, अनुवादक, चित्रकार, मुखपृष्ठ करणारे यांना मजुरी नसते, मानधन असतं. त्यातला मान आगाऊ मिळतो. धन थकतं. आणि मागायला गेलं तर मानही जातो.

यात आणखी एक उद्योग उभा राहिलाय, सल्ल्यांचा. ‘क्लायंटचे दहा रेड फ्लॅग’, ‘पन्नास टक्के ॲडव्हान्स घेतल्याशिवाय लॅपटॉप उघडू नका’ वगैरे. सल्ले वाईट नाहीत. पण त्यांचा सूर ऐका. पैसे कुणाचे बुडाले की पहिला प्रश्न त्यालाच: ॲग्रीमेंट केलं होतंस का? ॲडव्हान्स घेतला होतास का? आधी चौकशी केली होतीस का? ज्याने पैसे दिले नाहीत त्याला कुणीच काही विचारत नाही. खिसा कापला गेलेल्या माणसालाच ‘पाकीट मागच्या खिशात का ठेवलंस’ म्हणून उभं करायचं, त्यातला हा प्रकार.

तर आता कायद्याकडे येऊ. कारण गंमत अशी आहे की आपल्या देशात ‘एजिंग’ची तरतूद जवळपास वीस वर्षं आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा. नाव ऐकून लेथ मशीन आणि औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते, पण त्यात सेवा देणारेही आहेत. घरी बसून एकट्याने कोड लिहिणारा माणूस ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद करू शकतो. आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. नोंद काम सुरू करण्याआधी करा. नंतर केलेली नोंद आधीच्या व्यवहाराला मागे जाऊन लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या महाकाली फूड्स प्रकरणात म्हटलेलं आहे.

हा कायदा काय म्हणतो? लेखी करार असेल तर त्यातली पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. मुदत ठरलेलीच नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवस. आणि काम स्वीकारलं हे कसं ठरवायचं? काम हातात आल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. पाचव्या महिन्यातल्या ‘मनासारखं झालं नव्हतं’चा निकाल कायद्याने पंधराव्या दिवशीच लावलेला आहे. मुदत उलटली की व्याज सुरू होतं. ते रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, आणि दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के असेल तर व्याज साडेसोळा टक्के. करारात काहीही वेगळं लिहिलं असलं तरी हे लागू. थांबेल तितकं प्राधान्य वाढतं, पाच मार्कांचं उत्तर कायद्याच्या भाषेत.

शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक कळ दाबून ठेवली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च म्हणून वजा करता येत नाही. ३१ मार्च उलटला की तुमचं न दिलेलं बिल त्यांच्या नफ्यात मोजलं जातं आणि त्यावर कर बसतो. तुम्ही जीएसटी लावत असाल तर आणखी एक: १८० दिवसांत बिल भरलं नाही, तर त्या बिलावर घेतलेलं क्रेडिट कंपनीला व्याजासह परत करावं लागतं.

हे कागदावरचं आहे, प्रत्यक्षात काय होतं, असं कुणी विचारेल. माझ्यापुरतं सांगतो. एका छोट्या कंपनीसाठी मी गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं ॲप बनवलं. तीन हप्ते ठरले होते. दोन आले. नोव्हेंबर २०२४ मधला शेवटचा, ४५ हजारांचा, आला नाही. अकाउंट्स, सर, सण, सगळं क्रमाने झालं. ॲप मात्र रोज वापरात होतं. एरर आली की तिचा मेल अजून माझ्याच पत्त्यावर येत होता, त्यामुळे त्यांचं गोदाम सकाळी साडेनऊला उघडतं हे मला माझ्या घरी कळत होतं. फेब्रुवारीत मी कराच्या कामासाठी २६एएस उघडलं, तर तिथे त्याच शेवटच्या बिलावरचा साडेचार हजारांचा टीडीएस दिसला. म्हणजे त्यांनी माझं बिल आपल्या वहीत खर्च म्हणून धरलं होतं, त्यावरचा कर कापून सरकारकडे भरलाही होता. सरकारपुढे कबूल होतं की या माणसाचे ४५ हजार देणं आहे. माझा फोन आला की मात्र ‘बघतो’.

काही मित्रांनी सांगितलं, सर्व्हरचा पासवर्ड आहे ना तुझ्याकडे, बंद करून टाक. हा सल्ला आपल्या धंद्यात फार लोकप्रिय आहे आणि फार वाईट आहे. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरून ती बंद पाडणं किंवा डेटा उडवणं हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात अडकवणारा उद्योग आहे. ज्याने पैसे बुडवले तो फिर्यादी आणि आपण आरोपी. शिवाय त्या गोदामात हमाली करणाऱ्या आणि एंट्री मारणाऱ्या माणसांनी माझं काय घोडं मारलं होतं? मार्चच्या सुरुवातीला मी रिमाइंडर पाठवणं थांबवलं आणि मागणीपत्र पाठवलं. एक पान. बिल क्रमांक, तारीख, उद्यम क्रमांक, टीडीएसची नोंद, त्या दिवसापर्यंतचं व्याज, आणि ३१ मार्चनंतर आयकरात काय होईल त्याचं एक वाक्य. कुठेही ‘सॉरी’ नाही. एक प्रत त्यांच्या अकाउंटंटला. पैसे २५ मार्चला आले. मालकाला माझी दया आली नाही, त्यांच्या अकाउंटंटला आकडेमोड कळली. अडीच हजारांच्या आसपासचं व्याज अजून बाकी आहे आणि मी ते मागत राहणार आहे.

माझ्या कामाचा दर्जा नोव्हेंबरमध्ये होता तोच मार्चमध्ये होता. बदलला तो रांगेतला नंबर.

कायदा परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. पैसे तरीही आले नाहीत तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे जायचं. निकाल ९० दिवसांत द्यावा असं कायदा सांगतो, पण परिषदेपुढच्या प्रकरणांना प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. परदेशातला क्लायंट असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, तिथे ॲडव्हान्स किंवा एस्क्रो हेच खरं. आणि मुळात हा कायदा फ्रीलान्सर डोळ्यांसमोर ठेवून केलेलाच नाही. नोकरदाराच्या पगाराला १९३६ च्या कायद्यापासून तारीख आहे: त्या कायद्यात हजारापेक्षा कमी माणसं असतील तर सात, नाहीतर दहा होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही व्याख्या आणली, पण ती सामाजिक सुरक्षेपुरती. केलेल्या कामाचे पैसे कधी मिळावेत, याबद्दल ती काही बोलत नाही.

न्यूयॉर्क शहरात हे बोललं गेलं. तिथे फ्रीलान्सर्स युनियन नावाच्या संघटनेने लावून धरलं आणि मे २०१७ पासून ‘फ्रीलान्स इझन्ट फ्री’ कायदा लागू झाला. ८०० डॉलर किंवा जास्तीचं काम असेल तर लेखी करार सक्तीचा. तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. बुडवले तर दुप्पट भरपाई. तक्रार केली म्हणून फ्रीलान्सरला त्रास दिला तर तोही कायद्याचा भंग धरायचा. ऑगस्ट २०२४ पासून हे संपूर्ण न्यूयॉर्क राज्याला लागू आहे. तिथले क्लायंट जन्मतः सज्जन नव्हते. लोकांनी एकत्र येऊन रांगेतला नंबर बदलून घेतला.

आता समोरून येणारे युक्तिवाद. पहिला: ‘फ्रीलान्सर काय कमी असतात का? ॲडव्हान्स घेऊन गायब होतात, डेडलाइन पाळत नाहीत.’ असतात असे, भरपूर असतात. मग लेखी हरकत घ्या, कायद्याने १५ दिवस दिलेत. काम वापरत राहायचं आणि तक्रार फक्त बिलाच्या दिवशी आठवायची, हे चालणार नाही.

दुसरा: ‘आम्हीही छोटेच आहोत, आमचे पैसेही वरच्याने थकवलेत.’ हे अनेकदा खरं असतं आणि मला त्याबद्दल सहानुभूती आहे. पण मग तुम्हीही सूक्ष्म उद्योग आहात, तोच कायदा घेऊन वर जा. साखळीतला प्रत्येक जण आपल्या वरच्याला घाबरून खालच्याचे पैसे दाबतो, आणि शेवटच्या कडीला खाली कुणीच नसतं. खरी अडचण असलेला माणूस ओळखणं सोपं आहे. तो तारखेच्या आधी स्वतः फोन करतो, अर्धे देतो, उरलेल्याची तारीख लिहून देतो. दुसरा तारखेनंतर फोन उचलत नाही.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात जड आहे: ‘इतकं कडक वागलास तर काम मिळणार नाही. तुझ्या जागी दहा जण उभे आहेत.’ ज्याचं पुढच्या महिन्याचं भाडं याच क्लायंटवर अवलंबून आहे, त्याला मी ‘हिंमत कर’ म्हणून सांगणार नाही. हिंमत ही प्रत्येकाला सारखी परवडत नाही. म्हणूनच सुरुवात ज्यांना परवडते त्यांनी करायला हवी. आयटीत नोकरी करून शनिवार-रविवारी बाहेरची कामं करणारे आपण हजारो आहोत. पेमेंट उशिरा आलं की आपण म्हणतो, असू दे, पगार आहेच. आपल्या त्या ‘असू दे’ने क्लायंटला सवय लागते, आणि तिची किंमत पूर्णवेळ फ्रीलान्स करणारी मुलगी भरते. आपण प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक, देय तारीख आणि व्याजाची एक ओळ छापायला लागलो, तर तिच्या बिलावरची तीच ओळ उद्धटपणा वाटणार नाही. ती बिलाची साधी पद्धत वाटेल, किराणा दुकानातल्या पाटीसारखी.

करारात आणखी एक ओळ घाला. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’त मोडतो. नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा असतो. फ्रीलान्सरने लिहिलेला कोड मात्र, वेगळं काही ठरलं नसेल तर, मुळात लिहिणाऱ्याचा असतो आणि तो लेखी हस्तांतर केल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही. तेव्हा लिहा: पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील. डिझाइनर, अनुवादक, लेखक यांनीही लिहा.

आणि आपल्यातलाच कुणीतरी उद्या स्टार्टअप काढणार आहे. पहिल्या सहा महिन्यांत पैशांची ओढाताण होईल, समोर वीजबिल असेल, सर्व्हरचं बिल असेल, आणि लोगो करून देणाऱ्या एका मुलाचा मेसेज असेल: ‘दादा, ते पेमेंटचं काही झालं का?’ त्या मुलाकडे वीज तोडायची सोय नसेल. त्याचे पैसे आधी द्या.